गरिबाचा वकील कोण?

रायगडाच्या पायथ्याशी पाचाड गावात जिजाऊंची समाधी आहे, त्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी याच पाचाडात त्या निवर्तल्या. दर वर्षी जून महिन्यात हजारो माणसे या वाटेने गडावर जातात, घोषणा देतात आणि त्याच वाटेने परततात. त्या गर्दीत ‘राज्य’ हा शब्द पुष्कळदा कानी पडतो. ‘न्याय’ हा शब्द क्वचित. वस्तुतः सामान्य माणसाला राज्य कसे आहे हे कळते ते न्यायालयाच्या दारात. तेथे आपल्या बाजूने कोण उभे राहते, यावरून तो राज्याची परीक्षा करतो.

काही महिन्यांपूर्वी पाचाड परिसरातील एका वाडीत राहणारी एक तरुण वकील भेटली. वडिलांचे आयुष्य मुंबईत नोकरी करण्यात गेले, आई वाडीत भातशेती सांभाळते. या भागातील अनेक घरांची कहाणी अशीच आहे. मुलीने कायद्याची पदवी घेतली आणि सुमारे २५ किलोमीटरवरील महाडच्या न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली ती काम करू लागली. सकाळी एस.टी.ने जायचे, संध्याकाळी परतायचे आणि रात्री सहायक सरकारी अभियोक्ता या पदाच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असा तिचा दिनक्रम. बोलण्याच्या ओघात तिने मला विचारले, “काका, मी सरकारी वकील होणार म्हटले की वाडीतली माणसे विचारतात, म्हणजे तू पोलिसांची वकील होणार का? त्यांना मी काय सांगू?”

प्रश्न साधा होता. पण त्याचे सरळ उत्तर मला तत्काळ देता आले नाही. नंतर विचार करता असे वाटले की, लोकशाही समाजवादाच्या कार्यकर्त्यांनी ज्या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले नाही, असा हा एक प्रश्न आहे. शिक्षक, तलाठी, फौजदार यांच्या भरतीवर आपण मोर्चे काढतो. सरकारी अभियोक्ता कसा निवडला जातो, याची चौकशी आपण करत नाही.

दिवाणी दाव्यात ज्याचा हक्क बुडतो तो स्वतः वकील देतो आणि भांडतो. फौजदारी खटल्यात तसे नाही. गुन्हा हा समाजाविरुद्धचा अपराध मानला गेल्यामुळे खटला सरकार चालवते. ज्याच्यावर अन्याय झाला तो त्या खटल्यात केवळ फिर्यादी किंवा साक्षीदार असतो. आरोपी श्रीमंत असेल तर मुंबईहून नामांकित वकील आणतो. गरीब असेल तर राज्यघटनेच्या कलम ३९-अ नुसार आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्याला मोफत वकील मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु मार खाल्लेला शेतमजूर, फसवली गेलेली स्त्री, कारखान्यात भाजलेला कामगार यांच्या बाजूने न्यायासनासमोर बोलणारा माणूस मुख्यतः एकच असतो, तो म्हणजे सरकारी अभियोक्ता. पीडिताला आपला वकील साहाय्याला देता येतो, पण त्याने अभियोक्त्याच्या निर्देशाखालीच काम करावयाचे असते. तेव्हा हा अभियोक्ता दुबळा, अडाणी किंवा मिंधा असेल, तर गरिबाची बाजू सुनावणीपूर्वीच हरलेली असते.

महाडच्या माणसाला हे पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर गावातील सनातन्यांनी हल्ले केले. त्या हल्ल्यांबद्दल खटला झाला आणि ६ जून १९२७ रोजी पाच जणांना चार महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. जिल्ह्यातील प्रमुख अधिकारी हिंदू असते तर असा निःपक्षपाती न्याय झाला नसता, असे मत बाबासाहेबांनी त्यावर व्यक्त केल्याचे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. या मतातील बोच लक्षात घेतली पाहिजे. कायदा तोच, पुरावा तोच. पण तो न्यायालयापुढे नेणारा माणूस कोणाच्या प्रभावाखाली आहे, यावर सारे अवलंबून राहते.

तळ्याच्या मालकीचा दिवाणी दावाही याच महाडच्या न्यायालयात डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला, मनाईहुकूम निघाला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. जवळजवळ दहा वर्षे! बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, चिकाटीचे होते, त्यांच्यामागे चळवळ होती. म्हणून तो दावा तडीस गेला. ज्याच्यामागे चळवळ नाही, त्या एकट्या फिर्यादीने दहा वर्षे कोणाच्या भरवशावर काढायची? चळवळ दर वेळी येत नाही. म्हणून चांगल्या संस्था उभ्या कराव्या लागतात.

आता वाडीतल्या माणसांच्या शंकेकडे वळू. ‘पोलिसांची वकील’ हा समज अज्ञानातून आलेला नाही. तो अनुभवातून आलेला आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळात दंडाधिकाऱ्यांपुढील खटले पोलीस खात्यातील प्रॉसिक्यूटरच चालवीत असत. ज्यांनी तपास केला त्याच खात्याच्या माणसाने तपासातील उणिवा पाहावयाच्या, अशी ती व्यवस्था होती. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात अभियोग पोलिसांपासून वेगळा करण्याची शिफारस केली. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि तिच्या कलम २५ ने सहायक सरकारी अभियोक्ता हे स्वतंत्र पद निर्माण केले. कायदा बदलला, पण महाराष्ट्रात हे अभियोक्ते पोलीस खात्याच्याच प्रशासकीय अंमलाखाली राहिले. अखेर राज्यातील अभियोक्त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९९५ साली शहाणे खटल्यात न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला, की यांचा स्वतंत्र संवर्ग करा, स्वतंत्र खाते करा आणि पोलिसांचा अंमल काढून घ्या. शिफारशीपासून या आदेशापर्यंत ३७ वर्षे गेली. आज अभियोग संचालनालय आहे. मात्र ते गृह विभागाच्याच अखत्यारीत आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० नेही ते तेथेच ठेवले आहे. पोलीस आणि अभियोक्ता हे आता एका घरात राहत नाहीत, पण दोघांचा घरमालक एकच आहे. वाडीतल्या माणसांच्या शंकेत तथ्य उरते ते एवढे.

या पार्श्वभूमीवर स्पर्धा परीक्षेचे महत्त्व ध्यानात येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत निवड झालेला अभियोक्ता कोणा आमदाराच्या चिठ्ठीने आलेला नसतो. तो कोणाचे देणे लागत नाही. पाचाडच्या वाडीतील मुलीला, जिच्या घरात कोणी वकील नाही, ओळखीचा मंत्री नाही, तिला राज्याच्या वतीने न्यायालयात उभे राहण्याचा जो मार्ग उपलब्ध आहे तो हाच. म्हणून या परीक्षेतील प्रत्येक दिरंगाई, दोन जाहिरातींमधील प्रत्येक लांबलेले अंतर हे गरीब उमेदवाराच्या वयाची वर्षे खाणारे असते. श्रीमंताचा मुलगा थांबू शकतो. हिचे वय थांबत नाही आणि आईचे कष्टही थांबत नाहीत.

परंतु ही परीक्षा खालच्या पायरीपुरतीच आहे, हे आपण विसरता कामा नये. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयातील सहायक अभियोक्ता परीक्षेने येतो. खून, बलात्कार, दलितांवरील अत्याचार हे गंभीर खटले मात्र सत्र न्यायालयात चालतात. महाड-पोलादपूरच्या माणसाला त्यासाठी माणगावला जावे लागते. आणि तेथील सरकारी अभियोक्ता होण्यास कायद्याने किमान सात वर्षांची वकिली पुरेशी मानली आहे. जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून नावांची यादी करावयाची आणि सरकारने त्यातून नेमणूक करावयाची. राज्यात सत्ता पालटली की सरकारी वकीलही पालटतात, ही गोष्ट आता कोणाला नवी वाटत नाही. उत्तर प्रदेशात १९९० साली एका फटक्यात सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकिलांना घरी पाठवण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मनमानी ठरवून रद्द केला होता. तरीही नेमणुकीची पद्धत मुळातून बदलली नाही. जेथे किरकोळ चोरीचा खटला चालतो तेथे परीक्षा, आणि जेथे खुनाचा चालतो तेथे पसंती! ही विसंगती आम्ही किती दिवस निमूटपणे पाहणार?

अभियोक्त्याच्या स्वातंत्र्याची खरी कसोटी खटला मागे घेण्याच्या अधिकारात लागते. जुन्या संहितेच्या कलम ३२१ नुसार, आणि आता नव्या संहितेच्या कलम ३६० नुसार, न्यायालयाच्या संमतीने खटला काढून घेण्याचा अधिकार अभियोक्त्याला आहे. आपल्या पिढीला बडोदा डायनामाइट खटला आठवतो. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर भरलेला तो खटला मार्च १९७७ मध्ये जनता सरकार आल्यावर मागे घेण्यात आला. आपल्याला आनंद झाला आणि तो योग्यही होता. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास मान्यता दिली. पण त्याच वेळी बजावले, की सरकार सुचवू शकते, मात्र निर्णय अभियोक्त्याने स्वतःच्या बुद्धीने घ्यावयाचा असतो. हे तत्त्व आपल्या माणसांच्या सुटकेच्या वेळी गोड वाटले, म्हणून ते आपल्या विरोधकांच्या बाबतीत विसरता येणार नाही. ज्या कलमाने आणीबाणीचा एक बंदी सुटला, त्याच कलमाने उद्या दंगलीत घरे जाळणारा सुटू शकतो. दोहोंत फरक करणारा माणूस ताठ कण्याचा असला पाहिजे. नव्या संहितेने, पीडिताचे म्हणणे ऐकल्यावाचून खटला मागे घेण्यास न्यायालयाने संमती देऊ नये, अशी तरतूद केली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण पीडिताला आपला हा अधिकार कोण सांगणार? पुन्हा अभियोक्ताच.

आता तयारीविषयी. त्या मुलीने मला आपल्या वह्या दाखवल्या. तीन वर्षे खपून केलेल्या टिपणांवर १ जुलै २०२४ नंतर तिला नव्याने काम करावे लागले. ५११ कलमांच्या भारतीय दंड संहितेच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेची ४८४ कलमे जाऊन ५३१ आली आणि पुराव्याच्या कायद्याची १६७ जाऊन १७०. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले. ४२० हा आकडा तर मराठी भाषेचाच शब्द झाला होता, तो आता ३१८ झाला. बरे, जुने विसरूनही चालत नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू आहे आणि त्या खटल्यांचे ढीग न्यायालयांत पडून आहेत. म्हणजे उमेदवाराने दोन्ही संसार सांभाळावयाचे. शिवाय झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र या नव्या गोष्टीही आत्मसात करावयाच्या. यासाठी लागणारी पुस्तके बहुतांशी इंग्रजी आणि महाग. शिकवणी वर्ग पुण्याला, फी न परवडणारी.

कष्टाबद्दल तिची तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती परीक्षेच्या स्वरूपाबद्दल. ज्या न्यायालयात हा अभियोक्ता उभा राहणार, तेथील न्यायाधीश पूर्वपरीक्षा, लेखी मुख्य परीक्षा आणि मुलाखत अशा तीन पायऱ्या चढून येतो. अभियोक्त्याच्या बाबतीत मात्र भर राहिला आहे तो पर्यायी उत्तरांच्या चाळणी परीक्षेवर आणि मुलाखतीवर. चार पर्यायांतून योग्य कलम ओळखणे ही स्मरणशक्तीची परीक्षा झाली. पण सावकाराच्या दबावाखाली जबाब बदलू पाहणाऱ्या साक्षीदाराला बोलते कसे करावे? पंचनाम्यातील विसंगती आरोपीच्या वकिलाने दाखवण्यापूर्वी आपण कशी हेरावी? निरपराध माणूस गोवला गेला आहे असे दिसले, तर पोलिसांना नाही म्हणण्याचे धैर्य आहे काय? या प्रश्नांना चार पर्याय नसतात. अभियोक्त्याचे काम शिक्षा मिळवून देण्याचे नाही, सत्य न्यायालयापुढे मांडण्याचे आहे, असे आपली वरिष्ठ न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. ते सत्य मांडण्याची पात्रता तपासणारी लेखी परीक्षा का नसावी? उमेदवाराच्या हाती एक नमुन्याचे दोषारोपपत्र द्यावे आणि त्यातील बळकट व लंगड्या बाजू मराठीतून लिहून काढावयास सांगावे. १९९८ पासून राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीदार मराठीत रडतो, मराठीत घाबरतो आणि मराठीतच खोटे बोलतो. त्याची सरतपासणी घेणाऱ्याला ती भाषा नुसती येऊन भागत नाही. तिच्यातील मौनही त्याला ऐकू आले पाहिजे. आणि या बाबतीत पाचाडची मुलगी शहरातील कोणाही हुशार उमेदवाराच्या पुढे असेल, याविषयी मला शंका नाही.

हे सारे महाडच्या भूमीवर किती निकडीचे आहे? २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा बळी गेला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी येथील औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर मंत्री येतात, मदत जाहीर होते, गुन्हा नोंदवला जातो आणि वर्तमानपत्रे पुढच्या बातमीकडे वळतात. गुन्हा नोंदवल्यापासून निकालापर्यंतच्या लांब, अंधाऱ्या वाटेवर मृतांच्या नातलगांबरोबर कोण चालते? बांधकामाचे नकाशे, परवाने, अभियंत्यांचे अहवाल, तज्ज्ञांच्या साक्षी हे सारे समजून घेऊन न्यायालयापुढे मांडणारा अभियोक्ता नसेल, तर अशा खटल्यांत दोषी कोणीच ठरत नाही. दोष पावसाचा, दोष नशिबाचा!

म्हणून काही मागण्या आपण निश्चितपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, सहायक अभियोक्त्यांच्या परीक्षेचे वर्षाचे वेळापत्रक ठरावे आणि पाळले जावे. दुसरी, या परीक्षेत मराठीतून लेखी भाग असावा आणि निवडीनंतर प्रत्यक्ष खटल्यांवर आधारित प्रशिक्षण मिळावे. तिसरी, सत्र न्यायालयांतील अभियोक्तेही नियमित संवर्गातून, गुणवत्तेने व बढतीने यावेत. कायद्यात त्याला वाव आहेच, उणीव आहे ती इच्छेची. चौथी, अभियोग संचालनालय गृह विभागाकडून काढून विधी व न्याय विभागाकडे द्यावे. नव्या संहितेचे कलम आड येत असेल तर ते बदलण्यासाठी संसदेत आवाज उठवावा. पाचवी, ग्रामीण भागातील नवोदित वकिलांना पहिली काही वर्षे विद्यावेतन मिळावे. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना ग्रामीण भागात दरमहा किमान १५ हजार रुपये देण्याची शिफारस केली, पण ती केवळ शिफारसच आहे. न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी तर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभवाची अट योग्यच आहे. परंतु तो अनुभव उपाशीपोटी घ्यावा लागत असेल, तर ती अट गरिबाला बाहेर ठेवणारी भिंत ठरते.

मागण्यांनी आपली जबाबदारी संपत नाही. महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्यांनी पाचाडसारख्या गावात एक खोली मिळवून अभ्यासिका चालू करणे अशक्य नाही. जुन्या व नव्या संहितांची दोन-दोन पुस्तके, एक दिवा आणि पावसाळ्यात न गळणारे छप्पर, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या स्पर्धा परीक्षांसाठीच्या योजना असतात. त्यांची माहिती आणि अर्ज वाडीपर्यंत नेणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. आपल्या चळवळीत वकिलांची कमतरता कधीच नव्हती. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांना दिली आणि जुन्या खटल्यांचे कागद समोर ठेवून साक्ष कशी घ्यावी हे शिकवले, तर ते शिक्षण महागड्या वर्गांहून मोलाचे ठरेल.

निरोप घेताना त्या मुलीने आपला प्रश्न पुन्हा विचारला. मी तिला म्हटले, “वाडीतल्या माणसांना सांग, की मी पोलिसांची वकील होणार नाही. सरकारचीही नाही. ज्याला वकील करता येत नाही, त्याची वकील होणार आहे.” ती हसली आणि म्हणाली, “काका, हे परीक्षेत येत नाही.”

खरे आहे. ते परीक्षेत येत नाही. ते परीक्षेत यावे, आणि परीक्षेनंतरही ध्यानात राहावे, याची तजवीज करणे हे आपले काम आहे.